सिग्नलच्या पेटीला भंगार म्हणू नका

चौकातून काढलेला सिग्नलचा कंट्रोलर घरी आणायचा आणि त्यावर अंगणातले दिवे, गॅरेजचा पंखा, बागेचे पाणी चालवायचे, असा छंद असलेली माणसे अमेरिकेत आहेत. तिथले वाहतूक विभाग जुनी यंत्रे लिलावात काढतात. ही मंडळी ती विकत घेतात, गंज घासतात, एकेक वायर तपासतात आणि अर्धे आयुष्य रस्त्यावर काढलेले यंत्र पुन्हा चालू करतात. त्यांच्यावर होणारे आरोप ठरलेले आहेत. हे धोक्याचे आहे. हे वीज खाते. पाचशे रुपयांची चिप जे करते त्यासाठी कपाटाएवढे धूड कशाला? आणि या सगळ्याच्या शेवटी ठेवणीतला आरोप: ही जुन्याची हौस आहे, यात अभियांत्रिकी काही नाही.

धोक्याबद्दल आणि विजेबद्दल टीकाकार बरेचसे बरोबर आहेत, ते मी पुढे मान्य करणारच आहे. शेवटचा आरोप मात्र मला मुळीच मान्य नाही. आजच्या ‘स्मार्ट’ घरात जे सापडत नाही ते नेमके या पेटीत आहे. तिचा मेंदू जागेवर असतो. त्या मेंदूवर नजर ठेवणारे दुसरे, स्वतंत्र यंत्र असते. बिघाड झाला तर कोणत्या अवस्थेत जाऊन थांबायचे, हे आधीच ठरलेले असते. आणि माणसाच्या हातासाठी एक कळ राखून ठेवलेली असते. असे यंत्र जो घरी आणून समजून घेतो, तो अभियांत्रिकीच शिकत असतो, आणि तीही जी बाजारातल्या चकचकीत डब्यांनी सोडून दिली आहे ती.

पेटीचे दार उघडून आत पाहिल्याशिवाय हे पटणार नाही. संगणकी कंट्रोलर येण्याआधी अमेरिकेतल्या चौकांत इलेक्ट्रोमेकॅनिकल कंट्रोलर असत. ईगल, क्राउस-हाइंड्स, ऑटोमॅटिक सिग्नल, इकोनोलाइट ही त्यातली जाणती नावे. आत एक गोल तबकडी असते आणि ती सिंक्रोनस मोटरवर, म्हणजे विजेच्या फ्रिक्वेन्सीच्या तालावर फिरते. तबकडीच्या कडेला खाचा असतात. एक खाच म्हणजे चक्राचा एक टक्का. हव्या त्या खाचेत छोटी चावी खोचायची. फिरत फिरत ती चावी संपर्काला भिडली की सोलेनॉइड कॅमचा दांडा खटकन एक टप्पा पुढे ढकलतो. कॅमवरची कोणती पाकळी ठेवली आणि कोणती मोडली, यावर त्या टप्प्यात कोणता दिवा लागणार हे ठरते. पूर्ण चक्र किती सेकंदांचे हे गिअर ठरवतो. गिअर बदलला की ६० सेकंदांचे चक्र ८० सेकंदांचे होते आणि टक्क्यांची वाटणी जशीच्या तशी राहते. सकाळची गर्दी, संध्याकाळची गर्दी आणि एरवीची वेळ यांसाठी एकाच पेटीत तीन तबकड्याही बसवता येत.

हा सगळा प्रोग्रॅम डोळ्यांना दिसतो. यंत्र बसवणारा माणूस निघून गेला, कंपनी बुडाली, कागद हरवले, तरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेला कुणीही चाव्या मोजून सांगू शकतो की हे यंत्र काय करते आणि कधी करते. घर विकले जाते, वारसाकडे जाते, भाडेकरू बदलतात. नव्या माणसाला आधीच्याचा पासवर्ड, ईमेल आणि फोन नंबर मागावा लागू नये, ही साधी अपेक्षा आहे. आज विकल्या जाणाऱ्या कित्येक वस्तू ती पूर्ण करत नाहीत आणि ही तबकडी करते.

आपल्याकडच्या हौशी लोकांना इथेच एक इशारा देतो. अमेरिकेतून कुणी नातेवाइकाने अशी तबकडी आणली तर ती थेट प्लगमध्ये घालू नका. तिकडची वीज १२० व्होल्टची आणि ६० हर्ट्झची, आपली २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची. व्होल्टेजचा प्रश्न ट्रान्सफॉर्मरने सुटतो, फ्रिक्वेन्सीचा सुटत नाही. मोटर मूळ वेगाच्या पाच-षष्ठांश वेगानेच फिरेल आणि ६० सेकंदांचे चक्र ७२ सेकंदांचे होईल.

पुढची पिढी आली ती ट्रान्झिस्टरची आणि मायक्रोप्रोसेसरची. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या विद्युत उत्पादकांच्या संघटनेने, म्हणजे नेमाने, टीएस-१ हे मानक काढले. त्याच दशकात कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या राज्यांनी मिळून मॉडेल १७० तयार केले, मोटोरोलाच्या ६८०० या प्रोसेसरवर चालणारे. आज लिलावात येतात ती बहुधा याच दोन वंशांची यंत्रे. ती कालबाह्य झाली ती त्यांचे काम थांबले म्हणून नाही. चिप्सचे उत्पादन बंद झाले, कॅबिनेटच्या आत जाडजूड वायरींच्या जागी सिरियल केबल आली आणि शहरांना सगळे चौक एका जाळ्यात जोडलेले हवे झाले. हे निर्णय चौकासाठी योग्यच आहेत. पण चौकाला जे नको झाले ते घरालाही नको, असे त्यातून सिद्ध होत नाही.

या पेट्यांतला सर्वांत उपयोगी भाग म्हणजे लोड स्विच. हाताच्या पंज्यात मावणारा, सॉकेटमध्ये खोचायचा आणि उपसून काढायचा एक डबा. आत तीन सॉलिड-स्टेट स्विच, दर्शनी बाजूला तीन छोटे दिवे. कंट्रोलरने २४ व्होल्टचा एक पिन जमिनीकडे ओढला की त्या वाटेचा स्विच, म्हणजे ट्रायॅक, १२० व्होल्टचा दिवा लावतो. प्रत्येक वाट १० अँपिअरची. जुन्या मोठ्या सिग्नलमधले तंतूचे बल्ब १३५ ते १५० वॅटचे असत, आणि थंड तंतू लागताना त्याच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कितीतरी पट प्रवाह खेचतो. ९० सेकंदांचे चक्र धरले तर हा झटका दिवसाला ९६० वेळा, वर्षाला साडेतीन लाख वेळा. तो सोसून वर्षानुवर्षे चालावे म्हणून हा डबा घडवलेला आहे. शिवाय उन्हात तापलेल्या आणि हिमात गोठलेल्या पेटीत, उणे ३४ ते ७४ अंश सेल्सिअसपर्यंत चालला पाहिजे ही मानकाची अट.

आता पाचशे रुपयांच्या चिपचा मुद्दा घेऊ. चिप स्वस्त आहे, चांगली आहे, आणि ती जरूर वापरावी. हा छंद गांभीर्याने करणारे तेच करतात. ६८०० प्रोसेसरचा मेंदू ते बाजूला ठेवतात, त्या जागी एखादा ईएसपी-३२ किंवा आर्डुइनो बसवतात, मधे ट्रान्झिस्टरची एक ओळ आणि २४ व्होल्टचा पुरवठा देतात आणि लोड स्विच चालवतात. चिपविरुद्ध पेटी असा सामना टीकाकारांनीच लावलेला आहे. खरा प्रश्न चिपच्या पुढे सुरू होतो. चिपने ‘बंद’ म्हटल्यावर समोरचा हीटर खरोखर बंद झाला का, हे कोण पाहणार?

बाजारातल्या बहुतेक स्मार्ट प्लगमध्ये ते कुणीच पाहत नाही. रिलेचे संपर्क झटक्याने वितळून चिकटले तर फोनच्या पडद्यावर ‘बंद’ दिसते आणि हीटर तापत राहतो. वरच्या टाकीची मोटर असेल तर ती कोरडी चालून जळते. सॉलिड-स्टेट स्विचही अमर नसतो. ट्रायॅक गेला की तो बहुधा चालू अवस्थेत अडकूनच जातो, आणि सिग्नलच्या अभियंत्यांना हे पक्के ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी पेटीत कॉन्फ्लिक्ट मॉनिटर बसवला.

माझ्या मते घरातल्या प्रत्येक ऑटोमेशनने शिकावे असे हे यंत्र आहे. ते कंट्रोलरचा हुकूम ऐकत नाही. रस्त्यावरच्या दिव्यांकडे जाणाऱ्या वायरींवर प्रत्यक्ष व्होल्टेज आहे का ते मोजते. कोणते दोन हिरवे दिवे एकत्र लागलेले चालतील हे त्याच्या वेगळ्या कार्डवर पक्के केलेले असते. नेमाच्या मॉनिटरमध्ये तर त्यासाठी तारांचे तुकडे डाखून बसवावे लागतात, सॉफ्टवेअरमधून ते बदलताच येत नाही. न चालणारी जोडी दिसली की अर्ध्या सेकंदाच्या आत मॉनिटर कंट्रोलरच्या हातातून कारभार काढून घेतो. ट्रान्सफर रिले पडतात आणि सगळे दिवे एका स्वतंत्र फ्लॅशरवर जातात, ज्याला प्रोसेसरची गरज नाही. मॉडेल १७० मध्ये प्रोसेसरने ठरावीक वेळाने ‘मी जागा आहे’ असा ठोका मॉनिटरला द्यावा लागतो. ठोका चुकला तरीही तेच. आणि एकदा अडकलेला मॉनिटर आपोआप पूर्ववत होत नाही. माणसाने जागेवर जाऊन, पेटी उघडून, कारण शोधून बटण दाबायचे, अशी अपेक्षा असते.

याच्या शेजारी घरातले ऑटोमेशन ठेवून पाहा. २०१४ मध्ये नेस्टने रिव्हॉल्व्ह ही कंपनी घेतली. तिचा हब, म्हणजे घरातली उपकरणे जोडून चालवणारा डबा, २९९ डॉलरना विकला गेला होता. मे २०१६ मध्ये सेवा बंद केली गेली आणि तो हब निरुपयोगी झाला. लोज या दुकानसाखळीची ‘आयरिस’ ही तशीच सेवा ३१ मार्च २०१९ रोजी बंद पडली. ‘विंक’ने २०२० मध्ये आधी फुकट असलेल्या सेवेसाठी मासिक वर्गणी मागितली. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर काहीही न सांगता थांबले. त्या शेवटच्या प्रकरणात एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. इन्स्टिऑनच्या भिंतीवरच्या कळा आणि त्यांची आपसातली जोडणी चालत राहिली, कारण ती घरातच होती. ॲप मेले, कळा जगल्या. पुढे त्या कंपनीच्या काही ग्राहकांनीच ती विकत घेऊन सर्व्हर पुन्हा चालू केले. मेंदू घरात असावा असा हट्ट धरणाऱ्यांना हळवे म्हणणाऱ्यांनी या घटनेचे उत्तर द्यावे. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचे बटण दुसऱ्या शहरातल्या कुणाच्या तरी ताळेबंदावर अवलंबून ठेवणे, हा मला ग्राहकावरचा उघड अन्याय वाटतो.

वीज जाऊन परत येण्याचा प्रसंग आपल्याला वेगळा सांगायला नको. सिग्नलचा कंट्रोलर वीज परत आल्यावर आधी ठरवून दिलेल्या सुरुवातीच्या अवस्थेत जातो, बहुधा थोडा वेळ फ्लॅशवर, आणि मगच चक्रात शिरतो. कुठून सुरुवात करायची हे कुणीतरी विचार करून ठरवलेले असते. अनेक स्मार्ट बल्ब मात्र वीज आली की रात्री तीन वाजता पूर्ण उजेडाने पेटतात, मग झोपलेले बाळ असो की आजारी माणूस. ही बारकावे सुटल्याची तक्रार नाही. हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

धोका मात्र खरा आहे आणि तो मी हलका करणार नाही. सिग्नलची पेटी प्रशिक्षित तंत्रज्ञासाठी बनलेली असते. आतल्या पट्ट्यांवर उघडे १२० व्होल्ट असतात, मुलांच्या बोटांचा विचार तिथे केलेला नसतो. अमेरिकेत घरातल्या वायरिंगवर तपासनिसाची मंजुरी लागते, आणि घरगुती वापरासाठी प्रमाणित नसलेले यंत्र भिंतीत गाडले तर ती मिळणे कठीण. आग लागली तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल. काही जुन्या पेट्यांत पाऱ्याचा कॉन्टॅक्टर असतो. तो फुटू देऊ नये, कचऱ्यात टाकू नये, धोकादायक कचरा म्हणूनच सोपवावा. ज्याला अर्थिंग, फ्यूज आणि गळती यांतले कळत नाही त्याने या पेटीला हात लावू नये. हे मी कोणतीही सवलत न ठेवता म्हणतो.

पण यातून ‘म्हणून हा छंदच बंद करा’ असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो एवढाच, की भिंतीतल्या वायरिंगला हात न लावता काम करावे. अमेरिकेतल्या घरांत बागेच्या पाण्याचे व्हॉल्व्ह आणि बहुतेक थर्मोस्टॅट २४ व्होल्ट एसीवर चालतात. तबकडीच्या कंट्रोलरमधले कॅमचे संपर्क म्हणजे शेवटी साध्या कळाच. त्यांचा १२० व्होल्टचा पुरवठा तोडून त्यांतून २४ व्होल्ट नेले की तोच दांडा व्हॉल्व्ह एकापाठोपाठ एक उघडतो. बागेला नेमके तेच हवे असते, कारण दोन वाफ्यांचे व्हॉल्व्ह एकदम उघडले तर दाब पडतो आणि एकाही वाफ्याला नीट पाणी मिळत नाही.

इथे एक तांत्रिक अडचण आहे आणि उत्साही लोक ती लपवतात. तेच व्हॉल्व्ह मॉनिटरला जोडले तर तो भरवशाने काम करणार नाही. नेमाच्या नियमाप्रमाणे हिरव्याच्या वायरीवर २५ व्होल्टच्या वर असेल तर मॉनिटरने ते नक्की पकडायचे, १५ च्या खाली असेल तर नक्की सोडायचे. मधल्या पट्ट्यात काहीही होऊ शकते, आणि २४ त्याच पट्ट्यात येतात. मॉनिटर वापरायचाच तर मधे १२० व्होल्टचा रिले घालावा लागतो. तशीच अडचण लोड स्विचची. ट्रायॅक बंद असतानाही त्यातून किंचित प्रवाह झिरपतो. दीडशे वॅटच्या बल्बला तो कळतही नाही, पण पाच वॅटचा एलईडी बल्ब रात्रभर मंद चमकत राहू शकतो. रस्त्यावर तंतूचे बल्ब जाऊन एलईडी आले तेव्हा वाहतूक विभागांनाही ही झळ बसलीच होती. सोबत जास्तीचा भार जोडणे हा उपाय आहे, पण तो भार वीज खातो.

विजेचा आरोप म्हणूनच मी मानतो. अखंड चालणारे कोणतेही यंत्र ४० वॅट खात असेल तर वर्षाला सुमारे ३५० युनिट जातात, आणि चार दिवे लावण्यासाठी एवढी वीज जाळणे समर्थनीय नाही. पूर्ण पेटी चोवीस तास चालू ठेवू नये. लोड स्विच घ्यावेत, त्यांचे सॉकेट घ्यावेत, हाताच्या कळांचे पॅनेल घ्यावे आणि मेंदू आजचा ठेवावा.

लूप डिटेक्टर तर आवर्जून घ्यावा. जमिनीत तारेची काही वेटोळी आणि त्यावर चालणारा एक ऑसिलेटर. वर गाडीचे धातूचे अंग आले की वेटोळ्याचे इंडक्टन्स कमी होते, फ्रिक्वेन्सी वाढते आणि डिटेक्टरला कळते की कुणीतरी आले. फाटक उघडण्यासाठी किंवा अंगणातला दिवा लावण्यासाठी याहून प्रामाणिक साधन मला ठाऊक नाही. पाऊस, धुके, अंधार यांचा त्याला त्रास नाही. गाडी आली एवढेच ते सांगते. कुणाची, कोण बसले होते, किती वाजता परतले, याचे चित्र ते कुठल्याही कंपनीला पाठवत नाही. दारावर कॅमेरा लावून शेजाऱ्यांच्या येण्याजाण्याची नोंद परक्या सर्व्हरवर साठवणाऱ्या समाजाला या वेटोळ्याकडून शिष्टाचार शिकण्यासारखा आहे.

सुरक्षेचा आणखी एक आक्षेप येतो. २०१४ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले होते की चौकातल्या जोडलेल्या सिग्नलमध्ये सहज शिरता येते. खरे आहे. पण त्यांनी बोट ठेवले होते ते कूटबद्ध न केलेल्या बिनतारी जोडणीवर आणि कारखान्यातून आलेल्या, कधीच न बदललेल्या पासवर्डवर. जे यंत्र जाळ्याला जोडलेलेच नाही त्याला ती दारे नाहीत. मात्र रुग्णवाहिकेसाठी सिग्नल हिरवा करणारा ट्रान्समीटर हा वेगळा विषय आहे. तो अधिकार नसलेल्याला विकणे आणि त्याने तो वापरणे २००५ पासून अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. छंदाच्या नावाखाली कुणी त्याचे समर्थन करू लागला तर मी टीकाकारांच्या बाजूने उभा राहीन.

उरला जुन्याच्या मोहाचा आरोप. पेटीच्या बाहेरच्या बाजूला एक छोटे दार असते, पोलिसांसाठी. आत दोन-तीन कळा: सिग्नल चालू-बंद, आपोआप की फ्लॅश, आणि पुष्कळ ठिकाणी वायरीला लटकणारे बटण, ज्यावर हवालदार स्वतः टप्पा पुढे नेतो. मिरवणूक असेल, अपघात असेल, तर यंत्राच्या शहाणपणापेक्षा तिथे उभ्या माणसाची नजर मोठी, हे यंत्र बनवणाऱ्यांनी मान्य केले होते. घरात पाहुणी म्हणून आलेल्या आजीला न्हाणीघरातला दिवा लावायला नातवाचा फोन मागावा लागतो, तेव्हा त्या घरात या छोट्या दाराची उणीव असते. ती भरून काढू पाहणाऱ्याला मोहात अडकलेला म्हणणे हा आळशी युक्तिवाद आहे.

शेवटी मागणी, आणि ती अमेरिकेतल्या वाहतूक विभागांइतकीच आपल्या महापालिकांकडेही आहे, कारण आपल्या शहरांतही जुने कंट्रोलर उतरवून नवे बसवणे चालूच आहे. पेट्या वजनावर भंगारात देऊ नका. पाऱ्याचे भाग आधी काढा, जाळ्याचे पासवर्ड पुसा, रुग्णवाहिकेची उपकरणे वेगळी करून नष्ट करा. उरलेले लोड स्विच, फ्लॅशर, डिटेक्टर आणि मॉनिटर सुटे करून आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कार्यशाळांना आधी द्या; आपली यंत्रे २३० व्होल्टची, तिथल्या फलकांना चालणारी. मग उरतील ती लिलावात काढा. आणि दाराच्या आतल्या कप्प्यात ठेवलेला वायरिंगचा नकाशा पेटीबरोबरच द्या. तो कागद फाडून टाकला की चांगल्या यंत्राचेही खरोखर भंगार होते.